पुढच्या स्टेशनापर्यंत चालत

स्कॉटलंडमधल्या ॲबरडूरच्या फलाटावर उतरल्यावर आईने आधी दोन्ही बाजूंना पाहिलं, मग माझ्याकडे. गाडी निघून गेली होती. आमच्याबरोबर उतरलेली दोन माणसंही बाहेर पडली होती. फलाटावर फुलांच्या कुंड्या, एक बाक, आणि जवळच झाडांआडून दिसणारा जुन्या किल्ल्याचा पडका भाग.

"इथे आपलं काय काम आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. चालत पुढच्या स्टेशनावर जायचं."

"का? पुढच्या स्टेशनावर गाडी थांबत नाही?"

"थांबते की."

आईने बत्तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी प्रवास केला. सकाळी फास्ट, संध्याकाळी मिळेल ती. त्या मार्गावरची सगळी स्टेशनं तिला तोंडपाठ आहेत, पण तिच्या आयुष्यात लोकलमधून उतरण्याच्या जागा दोनच, एक ऑफिसची आणि एक घराची. कधीमधी दादर, तेही खरेदीला किंवा लग्नाला. काही काम नसताना, कुणी वाट पाहत नसताना एखाद्या स्टेशनावर उतरायचं, हे तिच्या कल्पनेतच नव्हतं. तो प्रश्न तिने मनापासून विचारला होता.

मी मात्र हे डोंबिवलीतच शिकले. कॉलेजात असताना शनिवारी रात्री शेवटची कसारा पकडायची, आसनगावला उतरायचं, फलाटावरच पाठपिशवी उशाशी घेऊन पडायचं आणि उजाडायच्या आत माहुलीच्या पायथ्याला लागायचं. नेरळ, भिवपुरी, कर्जत ही आमच्यासाठी गावांची नावं नव्हती, डोंगरांची दारं होती. मुंबईतल्या कितीतरी मुलामुलींना सह्याद्री भेटला तो लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर. गाडी नव्हती, पैसे नव्हते, पण मासिक पास होता आणि पाय होते. आई याला "तुझे उद्योग" म्हणायची आणि रविवारी रात्री मी घरी येईपर्यंत गॅलरीत उभी राहायची.

ग्लासगोला आले तेव्हा मला वाटलं होतं की ते दिवस संपले. स्कॉटलंड म्हटलं की डोळ्यांसमोर यायचे ते उत्तरेचे उंच ओसाड पहाड, आणि तिथे जायचं तर मोटार हवी. मला तेव्हा मोटार चालवता येत नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी, घरात बसून जीव गुदमरला म्हणून, हाइंडलँड स्टेशनावरून मिळेल ती गाडी पकडली आणि ती संपली तिथे उतरले. ती संपते मल्गायला. या गावाच्या नावाचं इंग्रजी लेखन वेगळंच आहे, त्यात न सापडणारा हा उच्चार इथल्या माणसाच्या तोंडून ऐकूनच शिकावा लागतो. शहराच्या उपनगरी मार्गाचं हे शेवटचं टोक. स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की बाजारपेठेत ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे. तिथून वेस्ट हायलँड वे सुरू होतो, ९६ मैल, थेट फोर्ट विल्यमपर्यंत. १९८० साली खुली झालेली ही स्कॉटलंडमधली पहिली अधिकृत दीर्घ पायवाट. लोकलमधून माझ्याबरोबर उतरलेल्या चौघांच्या पाठीवर तंबू होते. त्या पाठपिशव्यांकडे पाहताच मला आसनगावचा फलाट आठवला, आणि या देशात आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की इथलं काहीतरी मला आधीपासून ठाऊक आहे.

त्या दिवशी मी त्या लांबच्या वाटेने गेले नाही. उजवीकडे वळून चढ चढले आणि तलावांपाशी पोचले. मगडॉक आणि क्रेगमॅडी असे दोन तलाव तिथे शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांच्या बांधांवरून फिरायला मोकळी वाट आहे. ग्लासगोचं पाणी इथून येतं. मुळात ते येतं डोंगरातल्या लॉक कॅट्रिन नावाच्या तलावातून. एकोणिसाव्या शतकात पटकीने या शहराचे हाल केले, तेव्हा बेटमन नावाच्या अभियंत्याने वीस-पंचवीस मैलांवरून, डोंगर पोखरून, नुसत्या उताराच्या जोरावर ते पाणी इथवर आणलं. १८५९ साली व्हिक्टोरिया राणीने त्याचं उद्घाटन केलं. बांधावर उभं राहून मला माहुलीचा माथा आठवत होता. तिथूनही खाली एक तलाव दिसतो, तानसा. डोंबिवलीच्या मुलीने मुंबईचं पाणी पहिल्यांदा पाहिलं ते कसारा लोकलने जाऊन, आणि ग्लासगोचं पाणी पाहिलं ते मल्गायच्या गाडीने जाऊन. शहराच्या नळाचं मूळ लोकलच्या टोकाशी सापडतं, हे मला दोनदा अनुभवाला आलं आहे.

तेव्हापासून मी रेल्वेनेच चालायला जाते. आता मोटार चालवता येते, तरीही. मोटारीने गेलं की जिथे ती उभी केली तिथे परत यावं लागतं. वाट कितीही सुंदर असो, मनाला दोरी बांधलेली असते. रेल्वेने गेलं की एका स्टेशनावर उतरायचं आणि दुसऱ्या स्टेशनावरून परतायचं. मागे वळायचं नाही. चालण्याला एक दिशा मिळते, आणि दिशा मिळाली की चालणं हे फिरणं राहत नाही, तो प्रवास होतो. या देशात स्टेशन म्हणजे बहुधा गावाच्या अगदी मध्यावरची जागा. त्यामुळे आपण गावात शिरतो ते पाहुण्यासारखे, समोरच्या दाराने. हमरस्त्याने आलेल्याला आधी पार्किंग दिसतं. मला आधी बेकरी दिसते, चर्चचा मनोरा दिसतो, शाळेतून सुटलेली मुलं दिसतात.

काही गोष्टी हळूहळू अंगवळणी पडल्या. इथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणून पश्चिमेकडच्या स्टेशनावर उतरून पूर्वेकडे चालावं, म्हणजे वारा पाठीला राहतो. जिथे गाड्या कमी तिथून सुरुवात करावी आणि जिथे जास्त तिथे शेवट. डिसेंबरात पावणेचारला दिवस मावळतो, तेव्हा दोन तासांच्या वर वाट निवडू नये. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, तेव्हा ऑफिस सुटल्यावरही एक अख्खी टेकडी जमते. आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, ते आदल्या दिवशी नीट पाहावं. सप्टेंबर २०२५ पासून इथल्या गाड्यांवरचं गर्दीच्या वेळचं जादा भाडं कायमचं बंद झालं, त्यामुळे सकाळी लवकर निघणं आता महाग पडत नाही. चालणाऱ्याला सकाळ लागते, म्हणून या निर्णयाचा मला फार आनंद झाला.

आणखी एक गोष्ट, जी मी इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. स्कॉटलंडमध्ये २००३ साली जमीनसुधारणेचा कायदा झाला. त्याने माणसाला जवळजवळ सगळ्या जमिनीवरून आणि पाण्यावरून जबाबदारीने जाण्याचा हक्क दिला. शेत कुणाचंही असो, पिकाच्या कडेने जा, फाटक जसं होतं तसं लावून घे, घराच्या अंगणात शिरू नकोस, गुराढोरांना त्रास देऊ नकोस, एवढं पाळलं की वाट तुझी. पहिल्यांदा एका शेताच्या फाटकाची कडी काढताना माझा हात थबकला होता. मग आठवलं, पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधावरून आपण असेच जात नव्हतो का? तिथे कायदा नव्हता, पण शेतात वाकलेली एखादी मावशी मान वर करून सांगायची, "त्या आंब्याच्या अंगाने जा, इकडे चिखल हाय." इथे ते पुस्तकात लिहून ठेवलं आहे, एवढाच फरक.

शहरातल्या वाटांमध्ये माझ्या मनाच्या सगळ्यात जवळची वाट सुंदर म्हणावी अशी नाही. ती स्प्रिंगबर्न स्टेशनापासून सुरू होते. ग्लासगो हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो नकाशात पाहून नव्हे, माझ्या आजोबांच्या तोंडून. ते परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. वाफेच्या इंजिनांच्या अंगावर पितळी पट्टी असायची, तिच्यावर कारखान्याचं नाव आणि गाव. "गलास्को," आजोबा म्हणायचे, आणि अंगठ्याने हवेत ती पट्टी पुसल्यासारखं करायचे. ते गलास्को म्हणजे स्प्रिंगबर्न. १९०३ साली तीन कंपन्या एकत्र येऊन इथे नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली, तेव्हा युरोपात इंजिनं बांधणारी एवढी मोठी दुसरी कंपनी नव्हती. दार्जिलिंगच्या डोंगरी गाडीची कित्येक छोटी इंजिनं स्प्रिंगबर्नमध्येच बांधलेली. स्वातंत्र्यानंतर भारतभर मालगाड्या ओढणारी डब्ल्यूजी इंजिनंही याच कंपनीने बांधून पाठवली. १९६२ साली कंपनी बुडाली. त्यानंतर वस्तीतल्या जुन्या चाळवजा इमारती पाडून मधून मोठा रस्ता काढला. आज स्टेशनातून बाहेर पडल्यावर दिसतं ते एक विखुरलेलं, वारा सुटलेलं उपनगर.

पण स्टेशनाजवळच फ्लेमिंग्टन स्ट्रीटवर लाल दगडाची एक लांबलचक इमारत अजून उभी आहे. ते त्या कंपनीचं मुख्यालय, १९०९ सालचं. दाराच्या वर दगडात कोरलेलं एक इंजिन आहे, भिंत फोडून आपल्याकडेच येत असल्यासारखं. मी तिथे दर वर्षी एकदा तरी जाते आणि काही वेळ उभी राहते. रस्त्यावरून जाणारे लोक त्या इंजिनाकडे पाहत नाहीत. त्यांना सवय झाली आहे.

तिथून खाली शहराकडे उतरायचं. कॅथीड्रल, त्याच्यामागच्या टेकडीवरची थडगी, मग हाय स्ट्रीट, मग क्लाइड नदी. नदी लागली की पश्चिमेकडे वळायचं. साधारण दोन-अडीच तासांनी फिनिस्टनची अजस्र क्रेन दिसते. १९३२ साली पुरी झाली, १७५ टन उचलायची. आता ती वापरात नाही, पण शहराने तिला पाडलेलं नाही. तयार झालेलं इंजिन स्प्रिंगबर्नहून रस्त्यानेच ओढत या नदीकाठी आणायचे, माणसं फुटपाथवर उभी राहून बघायची, आणि इथे ते उचलून बोटीत ठेवायचे. तिथून ते जायचं मुंबईला, कलकत्त्याला, केपटाउनला. म्हणजे मी जी वाट चालते ती एखाद्या इंजिनाच्या आयुष्यातल्या पहिल्या प्रवासाची, आणि हा प्रवास रुळांवरचा नव्हता. आजोबांच्या हाताखालून गेलेलं एखादं इंजिन याच उतारावरून आलं असेल. पुढे आणखी थोडं चाललं की रिव्हरसाइड संग्रहालय लागतं. तिथे याच कंपनीचं एक प्रचंड इंजिन आहे, १९४५ साली बांधून दक्षिण आफ्रिकेला गेलेलं आणि २००७ साली परत आणलेलं. त्याची मोठी चाकं जवळजवळ माझ्या उंचीची आहेत. तिथून पार्टिक स्टेशन जवळ, आणि घरही.

दक्षिणेकडची ट्वीडबँकची वाट सोपी आहे, तिच्यावर थोडक्यात लिहिते, पण तिथली रेल्वे मात्र विसरण्यासारखी नाही. एडिनबराहून दक्षिणेला जाणारा जुना मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद केला गेला. त्याआधी हॉइक गावच्या मॅज एलियट नावाच्या बाई लोकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन लंडनला पंतप्रधानांच्या दारापर्यंत गेल्या होत्या. शेवटच्या रात्री एका खेड्यातल्या लोकांनी आपल्या पाद्रीसोबत रुळांवर उभं राहून गाडी अडवली होती. तरी मार्ग बंदच झाला. ४६ वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, त्यातला सुमारे ३० मैलांचा भाग पुन्हा बांधून सुरू झाला. गाडी ट्वीडबँकला संपते. तिथून ट्वीड नदीच्या काठाने दोन-एक मैल चाललं की मेलरोझ येतं. तिथल्या मठाच्या भग्न भिंती तांबूस दगडाच्या आहेत, आणि त्याच आवारात रॉबर्ट द ब्रूस राजाचं हृदय पुरलेलं आहे. गावात जुन्या मार्गाचं स्टेशनही अजून आहे. फलाट आहे, रूळ नाहीत. जिथे पूर्वी रूळ होते त्या बाजूने आता मोटारी जातात. नवे रूळ हॉइकपर्यंत पोचलेले नाहीत, माणसं अजून त्यासाठी मागणी करत आहेत. उघडीप असेल तर मी त्या रिकाम्या फलाटापाशी डबा खाते. तिथे बसलं की समजतं, पुढच्या स्टेशनाची गाडी असणं ही कुणीतरी भांडून मिळवलेली गोष्ट असते.

आईला मी यातल्या कुठल्याच वाटेवर नेलं नाही. तिच्यासाठी ॲबरडूर निवडलं, कारण तिथे जाताना फोर्थच्या खाडीवरचा रेल्वेपूल लागतो.

ग्लासगोहून निघून हेमार्केटला गाडी बदलली. डालमेनी स्टेशन गेलं आणि खालची जमीन एकदम संपली. तांबडे पोलादी खांब खिडकीसमोरून तिरपे सरकायला लागले. हा पूल १८९० सालचा, अडीच किलोमीटर लांब. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी, १८७९ च्या डिसेंबरात, उत्तरेकडच्या टे नदीवरचा पूल वादळात चालत्या गाडीसह कोसळला होता. तो पूल बांधणाऱ्या अभियंत्याने फोर्थसाठी केलेला आराखडा मग बाजूला ठेवला गेला आणि नव्याने जो पूल झाला तो कुठल्याही वाऱ्याला दाद देणार नाही असा जाडजूड. तो बांधताना ७३ माणसं गेली. दोन्ही तीरांवर त्यांची स्मारकं आहेत.

हे मी आईला सांगत होते, पण तिचं लक्ष पर्समध्ये होतं. चाचपून तिने दोन रुपयांचं नाणं काढलं आणि खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "उघडत नाही का ही?"

नाही उघडत. मी तिला सांगितलं की पूर्वी इथले लोकही या पुलावरून जाताना पाण्यात पेनी टाकायचे, चांगलं व्हावं म्हणून. ती काही बोलली नाही. नाणं मुठीत ठेवून तिने खिडकीच्या काचेतून पाण्याला नमस्कार केला, जसा ती कळव्याच्या खाडीला करायची, तसाच, मान किंचित झुकवून. पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी ते पाहिलं आणि त्या हसल्या. हसण्यात ओळख होती.

तर ॲबरडूरच्या फलाटावर तिचा तो प्रश्न. "काही काम नाही," हे उत्तर तिला पटायला वेळ लागला. पहिला अर्धा मैल ती भराभर चालली, गाडी चुकेल अशी. सिल्व्हर सँड्सच्या वाळूवर आल्यावर मात्र ती थांबली. ओहोटी होती. समोर इंचकोम बेट, त्यावरचा जुना मठ, आणि खूप पलीकडे, पाण्याच्या त्या तीरावर, एडिनबराची निळसर टेकडी. तिने चपला हातात घेतल्या आणि पाणी पायाला लागेपर्यंत गेली. "गार आहे गं," एवढंच म्हणाली. बाहेर आली तरी चपला बराच वेळ हातातच होत्या.

तिथून किनाऱ्याची वाट झाडीत शिरते. ही फाइफ किनाऱ्याची पायवाट, आणि हा तुकडा जेमतेम तीन मैलांचा. डाव्या हाताला रेल्वे, उजव्या हाताला समुद्र, दोन्हींच्या मधून आपण. दर थोड्या वेळाने गाडी जाते आणि पानं हलतात. गाडी आली की आई थांबायची, ती जाईपर्यंत पाहायची. "आतून वाटत नाही इतकी जोरात जात असेल," ती म्हणाली. बत्तीस वर्षं आत बसलेली बाई पहिल्यांदा बाहेर उभी राहून गाडी पाहत होती.

वाटेत स्टारली बर्न नावाचा ओढा रुळांखालून येतो आणि कड्यावरून उडी घेऊन समुद्राकडे जातो. धबधबा लहानच. त्याच्या पाण्यात चुना आहे, त्यामुळे खडकावर मेणासारखे थर चढले आहेत. आईने मूठ उघडली. नाणं घामेजलं होतं. तिने ते त्या पाण्यात सोडलं आणि मला म्हणाली, "हेच पाणी पुढे तिकडे जातं ना, पुलाकडे?" खरं तर पूल दुसऱ्या बाजूला. पण समुद्र एकच, म्हणून मी हो म्हटलं. मग आम्ही जवळच्या दगडावर बसून थर्मासमधला चहा प्यायलो आणि तिने डोंबिवलीहून आणलेले रव्याचे लाडू खाल्ले.

बर्न्टआयलंड जवळ आलं तसं मी तिला तिथल्या दोन गोष्टी सांगितल्या. पूल नव्हता तेव्हा एडिनबराच्या बाजूची माणसं बोटीने याच बंदरात उतरायची. १८५० साली इथे अशी बोट सुरू झाली की जिच्यावर मालाचे डबेच्या डबे रुळांवरून चढवले जायचे आणि पलीकडे पुन्हा रुळांवर उतरवले जायचे. आणि दुसरी गोष्ट मेरी सोमरव्हिलची. ही मुलगी या गावात वाढली, किनाऱ्यावर शिंपले गोळा करत. रात्री जागून गणित शिकायची म्हणून घरच्यांनी तिच्या मेणबत्त्या काढून घेतल्या, तर तिने दिवसा पाठ केलेलं अंधारात मनातल्या मनात सोडवलं. पुढे खगोलशास्त्र आणि गणितात तिचं मोठं नाव झालं. आज एका स्कॉटिश बँकेच्या दहा पौंडांच्या नोटेवर तिचं चित्र आहे. आईने लगेच नोट मागितली. माझ्याकडची नोट दुसऱ्या बँकेची निघाली. स्टेशनाजवळच्या दुकानात चहा घेतल्यावर सुट्ट्या पैशांत मात्र ती आली, आणि आईने ती परत दिली नाही. "ही मी नेते," म्हणाली, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, जिथे ती पूर्वी पास ठेवायची.

परतीच्या गाडीत मी तिला डावीकडची खिडकी दिली. दोन तास चाललेली वाट गाडी पाच-सहा मिनिटांत मागे टाकते. आई काचेला कपाळ टेकवून बसली होती. धबधबा रुळांच्या खाली, तो दिसला नाही. पण झाडांच्या फटीतून वाट दिसली, आणि तिच्यावर कुत्र्याला घेऊन चाललेला एक माणूस. त्याने गाडीकडे मान वर करून पाहिलं.

ॲबरडूर आलं. तोच फलाट, त्याच कुंड्या. कुणी उतरलं नाही.

"त्या बर्न्टआयलंडच्या पुढचं स्टेशन कुठलं?" आईने विचारलं.

"किंगहॉर्न."

"लांब आहे?"

"नाही. अडीच-तीन मैल असेल. मध्ये एका राजाचं स्मारक आहे, रात्री वादळात घोड्यावरून पडून गेला तो."

ती थोडा वेळ गप्प बसली. पुलाचा पहिला तांबडा खांब दिसायला लागला होता.

"उद्या तुला काही काम आहे का गं?" तिने विचारलं.